आई-बाबांचा अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा रिजेक्ट झाला, परत कधी आणि कसं अप्लाय करायचं?

द्राक्षकन्या | १४ नोव्हेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, इथे बरेच जण आईवडिलांना अमेरिका फिरवून आणलेले आहेत म्हणून विचारतेय. दादा प्लेनोला असतो (टेक्सास), एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर, त्याची मुलगी आता तीन वर्षांची झाली आणि आई-बाबांनी तिला अजून मोबाईलच्या स्क्रीनबाहेर बघितलेलं नाही. बाबा झेडपीचे रिटायर्ड शिक्षक, आई घर आणि बाग दोन्ही बघते, तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. तर परवा मुंबईला बीकेसीत इंटरव्ह्यू झाला बी१/बी२ चा आणि दोघांना रिजेक्ट.

आदल्या दिवशी बायोमेट्रिक होतं, तिथेच अर्धा जीव गेला कारण बाबांच्या बोटांचे ठसेच उमटेनात, आयुष्यभर खडू आणि रिटायर झाल्यावर कात्री, झिजलेत पार. तिथल्या मुलीने चारपाच वेळा पुसून पुसून घेतले. दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर मोजून दोन मिनिटं. कशाला चाललात, मुलाकडे. किती दिवस, सहा महिने. काय करता, रिटायर्ड. मुलगा काय करतो, सॉफ्टवेअर. झालं, पासपोर्ट परत दिले आणि सोबत एक छापील कागद, त्यावर २१४(बी). बाई बोलायला चांगली होती म्हणतात, सॉरी पण म्हणाली. पण बाबांनी जी फाईल नेली होती, सातबारा, आठ-अ, एफड्या, पेन्शनचा कागद, सीएचं सर्टिफिकेट, सोसायटीच्या शेअरची पावतीसुद्धा, त्यातलं एक पानही कुणी मागितलं नाही. बाबा विट्यापर्यंत ट्रॅव्हल्समध्ये ती फाईल मांडीवर घेऊन बसले होते, डिकीत टाकू दिली नाही.

प्रश्न असे: परत अप्लाय करायला किती महिने थांबायचं असतं? आता रेकॉर्डला कायमचा शिक्का बसला का? अपील असतं का? आणि गावातले लोक म्हणतायत की पुढच्या वेळी अजून जास्त बँक बॅलन्स दाखवा, ते खरंय का?

भटक्या_अण्णा | १४ नोव्हेंबर, रात्री ११:५८

डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) कोणी भरला होता? तुम्ही का एजंटने?

सनीवेलची_सुगरण | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१२

पहिल्यांदा तर बाबांना सांगा की त्यांच्यावर कुणी काही आरोप केलेला नाहीये. २१४(बी) म्हणजे त्यांच्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम, त्याचा अर्थ एवढाच की टुरिस्ट व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस तिथे कायमचा राहायलाच चाललाय असं ते आधी धरून चालतात, आणि तसं नाही हे पटवायची जबाबदारी आपली. आपल्याकडे पाव्हणा दारात आला की तो परत जाणार हे गृहीत असतं, त्यांच्याकडे उलटं आहे. त्या दोन मिनिटांत पटलं नाही, इतकंच. तो कागद सगळ्यांना सारखाच देतात, त्यात तुमच्या बाबांचं म्हणून काही लिहिलेलं नसतं त्यामुळे तो कितीदा वाचला तरी कारण सापडणार नाही.

अपील नाही. थांबायची सक्तीची मुदतही नाही, उद्या भरलात तरी चालतं, पण नवीन डीएस-१६०, नवीन फी, परत बायोमेट्रिक, परत इंटरव्ह्यू. फी माणशी १८५ डॉलर (जून २०२३ पर्यंत १६० होती) आणि रिजेक्ट झालं तरी परत मिळत नाही, दोघांचे ३७० म्हणजे तीस हजारांच्या वर गेले. म्हणून तोच फॉर्म परत भरून महिन्याभरात जायचं असेल तर जाऊ नका, तीच उत्तरं दिली की तेच उत्तर मिळतं.

शिक्का वगैरे नाही. पण रेकॉर्ड राहतो, आणि फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो की तुम्हाला आधी कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारलाय का. तिथे हो. हो म्हणजे हो. काही शहाणे सांगतात की नाही लिहा त्यांना कुठे कळतंय, अहो दहाच्या दहा बोटं दिलीत ना कालच! रिजेक्शनने काही बिघडत नाही पण खोटं लिहिलेलं सापडलं तर चुकीची माहिती दिल्याचं कलम लागतं आणि ते जन्मभराचं असतं.

द्राक्षकन्या | १५ नोव्हेंबर, दुपारी १:०५

अण्णा, एजंटनेच. सांगलीत एक आहे, सगळे त्याच्याकडेच जातात. तुम्ही विचारलंत म्हणून काल रात्री कन्फर्मेशनबरोबरची फॉर्मची पूर्ण प्रिंट मागवली त्याच्याकडून आणि आत्ता वाचली. डोकं फिरलंय माझं. बाबांचा व्यवसाय: रिटायर्ड. बागेचा कुठे उल्लेखच नाही. आई: होममेकर. राहणार किती: सहा महिने, का तर एजंट म्हणाला सहा महिने देतातच तर तेवढे लिहायचे. खर्च: मुलगा करणार. गेल्या पाच वर्षांत परदेश प्रवास: नाही, अहो ते दोघं २०२३ ला काठमांडू-पशुपतिनाथ करून आलेत, एजंट म्हणाला नेपाळ कुठे परदेशात येतं. आणि कळस म्हणजे शेवटी प्रश्न असतो की फॉर्म भरायला कुणी मदत केली का, तिथे या पठ्ठ्याने ठोकलंय ‘नाही’.

बाबांनी हा फॉर्म बघितलेलाच नाही. त्यांना फक्त बारकोडवालं एक पान दिलं होतं.

भटक्या_अण्णा | १५ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मला वाटलंच. आता त्या खिडकीपलीकडच्या बाईच्या जागी बसा. समोर स्क्रीनवर काय आहे: साठीपुढचा माणूस, काही काम नाही, बायको घरी, मुलगा अमेरिकेत, खर्च मुलाचा, सहा महिने. परत कशाला येईल हो हा माणूस? फाईल मांडीवर होती ती तिला कशी दिसणार. ते लोक फॉर्म वाचतात आणि माणूस ऐकतात, कागद क्वचित मागतात.

आणि अडीच एकर बाग असलेला माणूस रिटायर्ड कसा काय? बागायतदार कधी रिटायर होतो का?

कागदी_घोडे | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

कागद मागत नाहीत म्हणून नेऊच नका असं मात्र कुणी करू नका. माझ्या सासऱ्यांना पेन्शनचा कागद मागितला होता. फाईल न्या, पाच-सात कागद, हात घातला की निघतील असे. दादाने इन्व्हिटेशन लेटर दिलं असेल तर ठीक, पण ते कम्पल्सरी नाही हे त्यांच्याच साइटवर लिहिलंय, नोटरी करून स्टॅम्पपेपरवर वगैरे घ्यायची गरज नाही, आमच्या इथला एक वकील त्याचे दोन हजार घेतो.

बँक बॅलन्सचं: अचानक फुगवू नका.

लीड्सकर | १५ नोव्हेंबर, रात्री ९:४४

बॅलन्सवरून आमचा अनुभव, अमेरिकेचा नाही यूकेचा, पण उपयोगी पडेल. यूकेवाले पत्रात कारण लिहून देतात, हा मोठा फरक. सासऱ्यांच्या खात्यात मेव्हण्याने अर्जाच्या दहा दिवस आधी चार लाख टाकले, भरभक्कम दिसावं म्हणून. पत्रात स्वच्छ लिहून आलं की एवढी रक्कम कुठून आली ते कळत नाही, तुमच्या नेहमीच्या उत्पन्नाशी जुळत नाही. तिथेही व्हिजिटर व्हिसाला अपील नाही, नवीन अर्जच करावा लागतो. दुसऱ्यांदा आम्ही त्यांच्या खात्याला हात लावला नाही, सहा महिन्यांचं स्टेटमेंट जसंच्या तसं, पेन्शन येतेय, किराणा जातोय, एलआयसीचा हप्ता जातोय, आणि तिकिटाचा खर्च आम्ही करणार असं सांगून आमच्या पगाराच्या स्लिपा. मिळाला. खातं गरीब दिसलं तरी चालतं, पण खरं दिसलं पाहिजे.

अजून एक, यूके आणि कॅनडाच्या फॉर्ममध्ये इतर देशांनी नाकारलंय का हेही विचारतात. म्हणजे आता हे अमेरिकेचं रिजेक्शन तिकडे अप्लाय करताना पण लिहावं लागणार, लक्षात ठेवा.

व्हिसाकिंग_९९ | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:००

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक मंडळ | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

‘शंभर टक्के गॅरंटी’ची जाहिरात आणि फोन नंबर असलेला प्रतिसाद उडवला आहे. ही शेवटची समज.

खवचट_पेठकर | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:४१

गॅरंटी देणारा फक्त एकच, हैदराबादजवळचा चिलकूर बालाजी. मागताना ११ प्रदक्षिणा, मिळाल्यावर १०८. आमच्या सौ.च्या मावशीने ११ घातल्या, व्हिसा मिळाला, आणि गुडघ्याचं ऑपरेशन असल्यामुळे १०८ आमच्या सौ.ने फेडल्या. लाभार्थी एक, वसुली दुसऱ्याकडून, अगदी एज्युकेशन लोनसारखं.

नागपुरी_संत्रं | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

सगळे सक्सेस स्टोऱ्या सांगून राहिले तर माझ्या बहिणीची पण ऐका. वय २६, लग्न नाही, जॉब बदलून चार महिने झालेले, मैत्रिणीच्या लग्नाला न्यूजर्सीला जायचं होतं. पहिल्यांदा २१४(बी). फॉर्म तिने स्वतः भरला होता, एकही चूक नाही. दोन महिन्यांनी परत गेली, ऑफिसरने विचारलं मागच्या वेळेपेक्षा काय बदललं, ही म्हणाली काही नाही, आणि खरंच काही बदललेलं नव्हतं. परत २१४(बी). लग्न झालं, मैत्रिणीला पोरगं झालं, ही अजून इथेच आहे. तिसऱ्यांदा जायचं म्हणत होती, मीच म्हणलं थांब बाप्पा, नोकरीत दोन वर्षं टिक आधी. फॉर्म दुरुस्त करून ज्याचं दुरुस्त होते त्याचं होते, काही लोकांची परिस्थितीच त्यांना कच्ची दिसते, त्याला वेळच उपाय आहे.

हडपसरचा_हरी | १६ नोव्हेंबर, दुपारी २:३३

मध्ये एखादी थायलंड नाहीतर दुबई ट्रिप करवून आणा, पासपोर्टवर शिक्के दिसले की काम सोपं.

सनीवेलची_सुगरण | १६ नोव्हेंबर, रात्री ८:१०

हरी, हा सल्ला प्रत्येक धाग्यावर येतो. फिरायची हौस असेल तर जरूर जा. पण ज्या बाबांना नातीला बघायचंय त्यांना पटायाला पाठवून अमेरिकन ऑफिसरला नेमकं काय पटणार आहे? लाख रुपये वाचवा. काठमांडू लिहा आधी फॉर्ममध्ये, झालेला प्रवास आहे तो!

द्राक्षकन्या, एक विचारायचं राहिलं. दादाने आई-बाबांच्या ग्रीन कार्डसाठी काही फाइल केलंय का? फॉर्ममध्ये त्याचाही प्रश्न असतो. एच-१बी वर असेल तर करताच येत नाही, आईवडिलांसाठी फक्त २१ वर्षांवरचा सिटीझन मुलगा-मुलगीच करू शकतात, त्यामुळे ‘नाही’च येईल, पण एजंटने तिथे काय टिकमार्क केलाय ते बघून घ्या.

नवी_आजी | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

माझ्या भावजयीला पण हिरवा कागद दिलाय २२१(जी) म्हणून, म्हणजे तिचंही रिजेक्टच ना? स्टेटस रिफ्यूज्ड दाखवतंय.

कागदी_घोडे | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

आजी, ते वेगळं. २२१(जी) म्हणजे अर्ज अर्धवट थांबलाय, काही कागद हवाय किंवा त्यांची आतली तपासणी चालू आहे. साइटवर रिफ्यूज्डच दिसतं, घाबरू नका. कागदावर जे मागितलंय ते सांगितलेल्या पद्धतीने द्या. नवीन फी भरू नका घाईने.

द्राक्षकन्या | १७ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. दादाने काहीच फाइल केलेलं नाही, तिथे ‘नाही’च आहे, ते एक बरोबर निघालं. बाबांशी आज नीट बोलले. मी विचारलं सहा महिने खरंच राहणार होता का, तर म्हणे छे, ऑक्टोबरची छाटणी कोण करणार, दीड महिन्यात कंटाळा येईल मला तिथे. म्हणजे खरं उत्तर त्यांच्याकडे होतंच, एजंटने पढवलेलं उत्तर देऊन बसले. आता मार्चअखेर माल उतरतो, मग एप्रिलची खरड छाटणी, त्यानंतरच परत जाऊ म्हणाले. फॉर्म मी भरणार, त्यांना शेजारी बसवून.

द्राक्षकन्या | २९ एप्रिल, रात्री ९:१५

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं होतं.

फॉर्म भरायला तीन रविवार लागले. ती साइट थोडा वेळ हात लावला नाही की बाहेर फेकते, तेव्हा ॲप्लिकेशन आयडी लिहून ठेवा आणि सारखं सेव्ह मारत राहा. बाबांचा व्यवसाय शेती लिहिला, वर आधीची नोकरी शिक्षक म्हणून तारखांसकट, त्यासाठी सर्व्हिस बुक काढलं कपाटातून. आईच्या फॉर्ममध्ये अडकलो. ती होममेकर का शेतकरी? आई म्हणाली सातबाऱ्यावर माझं नाव आहे की. बघितलं तर खरंच, २०११ पासून अर्धी बाग तिच्या नावावर आहे आणि हे घरात कुणालाच आठवत नव्हतं तिच्याशिवाय. तिचंही शेती लिहिलं. सोशल मीडिया विचारतात पाच वर्षांतलं, आईचं फेसबुक भाचीने काढून दिलं होतं, त्याचं नाव शोधायला एक तास गेला. मुदत लिहिली तीन महिने, जूनच्या मध्यावर जाऊन सप्टेंबरच्या मध्याला परत. तिकिटं बाबांच्या पैशाने, राहणं दादाकडे. आधी नाकारलंय का: हो, महिना आणि ठिकाणासकट. काठमांडू आलं. मदत कोणी केली: मुलीने, माझं नाव टाकलं. सबमिट बाबांनी स्वतः दाबलं, चष्मा लावून सगळं वाचून, मधे दोन स्पेलिंगच्या चुका काढल्या माझ्या, मास्तर ते मास्तरच. फोटो मात्र चष्मा काढून लागतो, २०१६ पासून चष्मा चालत नाही त्यांना.

अपॉइंटमेंट घेताना एक सांभाळा, डीएस-१६० चा जो नंबर तिथे टाकाल तोच फॉर्म घेऊन जायचा. आणि २०२५ पासून तारीख फुकटात एकदाच बदलता येते, त्यानंतर बदलायची तर फी नव्याने, त्यामुळे तारीख विचार करूनच घ्या.

इंटरव्ह्यू मराठीत मागितला. मागच्या वेळी इंग्रजी घेतला होता, बाबांना इंग्रजी येतं पण येणं वेगळं आणि खिडकीसमोर सुचणं वेगळं. या वेळी एक तरुण ऑफिसर होता आणि शेजारी मराठी बोलणाऱ्या बाई. हे सगळं बाबांकडून ऐकलेलं, मी बाहेर त्यांचे मोबाईल सांभाळत उभी, आत मोबाईल नेता येत नाही. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, मागच्या वेळी नाकारलं होतं, आता काय वेगळं आहे? बाबा म्हणाले, मागचा फॉर्म दुसऱ्याने भरला होता आणि मी न वाचता आलो होतो, ती माझी चूक, या वेळचा मी वाचलाय. मग किती दिवस, तर तीन महिने. तीनच का, तर ऑक्टोबरला बागेची छाटणी. आता ‘छाटणी’ला त्या बाई जरा अडखळल्या, काहीतरी कटिंग म्हणाल्या बहुतेक, ऑफिसरला कळेना, तर बाबांनी दोन बोटांची कात्री करून हवेत फांदी कापून दाखवली आणि सांगितलं की ही कात्री चुकली तर वर्ष गेलं, मग घड लागत नाहीत. किती एकर विचारलं. द्राक्ष खायची का वाइनची विचारलं, बाबा म्हणाले बेदाण्याची.

मग आईकडे वळला. मागच्या वेळी आईची उत्तरं पण बाबांनीच दिली होती, या वेळी मी बजावून ठेवलं होतं की तिला विचारलं तर तुम्ही गप्प. त्याने विचारलं तुम्ही काय करता, आई म्हणाली अर्धी बाग माझी आहे. नातीबद्दल विचारलं, आईने नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि वर सांगितलं की ती फोनवर मला रोज ‘आज्जी कॅमेरा खाली कर, तुझं कपाळच दिसतंय’ म्हणते. हे त्या बाईंनी भाषांतर केलं की नाही माहीत नाही पण त्या हसल्या म्हणे. थोडा वेळ कीबोर्ड वाजला. पासपोर्ट ठेवून घेतले. फाईल या वेळीही कुणी मागितली नाही.

काल पासपोर्ट हातात आले, दहा वर्षांचा मल्टिपल एन्ट्री.

भटक्या_अण्णा | २९ एप्रिल, रात्री ९:३३

जियो! अर्धी बाग माझी आहे, एक नंबर. एक लक्षात ठेवा, व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती दिवस राहायचं ते तिथे उतरल्यावर एअरपोर्टवरचा ऑफिसर ठरवतो, साधारण सहा महिने देतो. पण तुम्ही तीन लिहिलेत तर पहिल्या खेपेला तीनच करा, दादाने कितीही आग्रह केला तरी.

खवचट_पेठकर | २९ एप्रिल, रात्री ९:५०

अभिनंदन. बाबांची ऑक्टोबर छाटणी वाट बघतेय, त्यामुळे आग्रहाचा प्रश्नच नाही.

नागपुरी_संत्रं | २९ एप्रिल, रात्री १०:०४

लई भारी. बहिणीला वाचायला पाठवला धागा. तिला जॉबवर दोन वर्षं होत आली आता.

द्राक्षकन्या | ३० एप्रिल, सकाळी ८:२०

संत्रं, बहिणीला शुभेच्छा, तिचं झालं की इथे नक्की लिहा.

आता पुढचा प्रश्न, बाबांनी आत्तापासून पाच किलो बेदाणा निवडायला घेतलाय दादासाठी. नेता येतो का?

सनीवेलची_सुगरण | ३० एप्रिल, रात्री ८:४५

पाच किलो?! कमी करा जरा. पॅकबंद न्या, आणि उतरल्यावर खायचं काही आणलंय का विचारतात तिथे हो म्हणून सांगायचं आणि विचारलं तर दाखवायचं, ठेवायचं का काढायचं ते ऑफिसर ठरवेल. न सांगता बॅगेत सापडलं तर दंड. बाबांना आता हो म्हणायची सवय झालीच आहे.

द्राक्षकन्या | ३० एप्रिल, रात्री ९:१०

दोन किलोवर आणलंय त्यांना. उरलेला तीन किलो कुणाला हवाय का पुण्यात?

खवचट_पेठकर | ३० एप्रिल, रात्री ९:११

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.